सुतारपक्ष्याचं सर्टिफिकेट

२ मार्च, रविवार
अंगणात नवा झोपाळा उभा राहिला. लाकूड मी स्वतः निवडलं. वखारवाला सागवान म्हणाला, तरी बोटाने ठोकून आवाज ऐकला. अस्सल. मला लाकूड आवाजावरून कळतं. झोपाळा बांधला पोपट सुताराने. म्हणाला, साहेब, लाकूड तुमी आणलंत, मी नुसता रंधा मारला. भला माणूस, श्रेय घेत नाही.
सोळा तारखेला आरोहीच्या होणाऱ्या सासरची मंडळी कशेळ्याहून येणार. भिवाजीरावांना, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना, फोनवर सांगून ठेवलंय की बोलणी झोपाळ्यावर बसूनच. आरोही म्हणते, बाबा, लाकडाचं नका काढू. पोरगी टेन्शनमध्ये आहे.

५ मार्च, सकाळी
ठकठक. झोपाळ्याच्या खांबावर सुतारपक्षी. सोनेरी पाठ, लाल तुरा. शेपटी खांबाला टेकवलेली, तिसरा पाय असल्यासारखी. अख्ख्या पोशीर गावात एवढी झाडं, पण स्वारी आमच्याकडे. मोबाईलवर वाचलं: हा चोच ठोकून आवाजावरून लाकूड तपासतो. म्हणजे माझीच पद्धत. कशासाठी तपासतो ते पुढे होतं. रेंज गेली.

७ मार्च
झोपाळ्याखाली भुसा पडतो. बायको रोज झाडते आणि रोज बोलते. तिच्या मते लाकूड आतून किडलंय. म्हटलं, सुतार म्हटला की भुसा आलाच. उद्यापासून मी झाडणार.

८ मार्च
कंबर धरली आहे.

११ मार्च
आज वरच्या तुळईवर. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. काय पकड! याची जीभ म्हणे इतकी लांब, की कवटीला मागून वळसा घालून ठेवलेली असते. बायकोला सांगितलं. म्हणाली, तुमचीही सोळा तारखेपुरती तशी ठेवा. दुर्लक्ष केलं.
जीभ बाहेर आली तेव्हा टोकाला पांढरं, वळवळणारं काहीतरी होतं. डिंक असावा.

१४ मार्च
भोकं बरीच झाली. बायकोने पोपटला बुजवायला बोलावलं. मी परत पाठवला. व्याह्यांना भोकं दाखवायची आहेत. सागवान आहे असं कोणीही सांगतो, सर्टिफिकेट किती जणांकडे असतं? आरोही रडवेली झाली. म्हणाली, बाबा, त्यांना खुर्चीवर बसवा ना. पण शब्द दिलाय.

१५ मार्च
पक्षी आला नाही. तपासणी पूर्ण झाली असणार.

१६ मार्च, संध्याकाळी
मंडळी आली. भिवाजीराव झोपाळ्यावर बसले, शेजारी मी. पक्ष्याची माहिती देत होतो. तुरा झाला, जीभ झाली, शेपटीवर आलो तेव्हा तुळई मोडली. भिवाजीरावांच्या पोह्यांत भुसा आणि अळ्या.
बोलणी आत झाली, खुर्च्यांवर, बायकोने केली. मी बाहेर कंबर शेकत होतो. लग्न ठरलं. भिवाजीरावांची अट एकच: पोरीला लाकडाचं काय बी देऊ नका.
मंडळी गेल्यावर आरोही हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आईला म्हणाली, बाबांचा पार पोपट झाला गं.
हे मला पटलं नाही. पोपट बिचाऱ्याचा यात काय दोष? लाकूड तर मी निवडलं होतं.