यात्रेच्या बसमधले शेलापागोटे

सर,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर थोडं हसायला हरकत नाही. चष्मा कपाळावर सरकवून तो घरभर शोधायचा, सापडला की आम्हालाच रागवायचं, आणि त्या रागाच्या भरात मध्ययुगातल्या एका इंग्रजी काव्यातल्या यात्रेकरूंकडे वळायचं. संस्कृतच्या मास्तरला इंग्रज यात्रेकरूंशी काय घेणं, असं विभागात कुजबुजायचे. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "आपल्या संस्कृत भाण-नाटकात एकटा नट रस्त्यानं चालतो आणि भेटेल त्याची टोपी उडवतो. त्यांनी सगळ्या रस्त्यालाच घोड्यावर बसवून देवाला धाडलं. फरक काय तो घोड्यांचा."

ते धडे वर्गात झाले नाहीत, तुमच्या स्वयंपाकघरात झाले. टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग, आम्ही तिघंचौघं सोलतोय, आणि तुम्ही शेंगेतून दाणा काढावा तसा एकेक यात्रेकरू बाहेर काढताय. शिकारीचा नाद लागलेला मठवासी. देवाच्या नावानं क्षमापत्रं विकणारा. दळणातलं पीठ मारणारा गिरणीवाला. बहुतेकांना नाव नाहीच, धंदा हेच नाव. सगळे निघालेत संताच्या समाधीला, आणि वाटेत संताबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. बोलणं चाललंय ते जेवणाचं, कपड्यांचं, दुसऱ्याच्या घोड्याचं. सांगणारा कवी भोळेपणाचा आव आणून ज्याची त्याची तारीफ करतो, काय तो झगा, काय तो रुबाब! "ही आपली व्याजस्तुती," तुम्ही म्हणायचात, "तोंडानं स्तुती करायची आणि ऐकणाऱ्याला निंदा ऐकू येऊ द्यायची." त्याच टेबलावर मी लिहून आणलेला ढोंगी गोसावी तुम्ही वाचलात. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही एक शेंग फोडलीत, दाणे तोंडात टाकलेत आणि म्हणालात, "हा काय काय खातो ते झकास लिहिलंयस. त्याला भूक लागते का, ते नाही लिहिलंस." मी आठवडाभर फुरंगटून होतो. मटार मात्र सोलायला येत होतो.

आता माझी लेक इथे लायडनच्या विद्यापीठात तेच यात्रेकरू शिकते. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, वैतागली की डचमध्ये, आणि काही हवं असलं तरच मराठीत. मध्यंतरी मराठीत फोन आला. निबंध लिहायचाय, व्याजस्तुती समजावून सांग. मी म्हटलं, "शनिवारी आमच्याबरोबर बसमध्ये चल. प्रात्यक्षिकच दाखवतो."

या बसबद्दल तुम्हाला सांगायला हवं. इथली मराठी मंडळी दर वसंतात एक बस ठरवतात आणि सीमेपलीकडे जर्मनीतल्या एका देवळात जाऊन येतात. जाताना अथर्वशीर्ष, येताना शेलापागोटे. आपल्या गॅदरिंगमधले फिशपॉन्डच, फक्त इथे नाव घ्यायचं नाही. मी ड्रायव्हरशेजारी माइक घेऊन उभा राहतो, श्लोक म्हणतो, आणि तो कुणावर आहे ते बसनं ओरडून ओळखायचं. प्रत्येक घराला एक श्लोक, तोही अनुष्टुभात. तुमच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला एवढा माज शोभतो. कच्चा माल मी आधी फोनवर गोळा करतो, बायकोचा नवऱ्याकडून, नवऱ्याचा बायकोकडून. घरभेद्यांची मला कधी वाण पडलेली नाही.

उइटहॉर्नहून बस निघाली, हूफडॉर्पची मंडळी चढली, आणि अर्ध्या तासात लेक माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, इथे कुणालाच नाव नाहीये. आर्किटेक्ट, टेस्टर, स्क्रम मास्टर, डिलिव्हरी हेड. इट्स एक्झॅक्टली द सेम!" मला धन्य वाटलं. सर, त्या क्षणी तुमचे सगळे मटार वसूल झाले.

देवळात आरती चालू आहे आणि आमचा आर्किटेक्ट मागे खांबापाशी उभा. तो इमारतींचा नव्हे, सॉफ्टवेअरचा. कानात इअरबडचं ते पांढरं बोंडुक, हलक्या आवाजात, "येस, येस, हे आपण ऑफलाइन घेऊ." मी मनातल्या मनात माझ्या श्लोकाची पाठ थोपटली, कारण त्याच्यावरचा श्लोक नेमका याच सवयीवर होता. माल त्याच्या बायकोनंच पुरवलेला, सत्यनारायणालाही तो मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो म्हणून. आरती संपली, मी चपला शोधतोय, तर तीच शेजारी येऊन वाकली. चप्पल घालायच्या निमित्तानं.

"भावोजी, त्याचं ते कॉलचं मी सांगितलं होतं ना, तेवढं वाचू नका."

"का हो वहिनी? फार छान जमलंय."

"त्याचं काँट्रॅक्ट वाढवत नाहीयेत. महिनाअखेर संपतंय. लॅपटॉपसुद्धा परत घेतला. रोज सकाळी बॅग घेऊन लायब्ररीत जाऊन बसतो. कुणाला सांगितलेलं नाही."

"पण आत्ता तर तो कॉलवर..."

"पलीकडे कुणी नसतं," ती म्हणाली. आवाज अगदी कोरा. मग तिनं नजरेनंच अंगणात प्रसादाचा फोटो काढत असलेले डिलिव्हरी हेड दाखवले. "सोमवारी यांच्याकडेच मुलाखत आहे. कंपनीनं याला नको म्हटलंय हे त्यांच्या कानावर गेलं, की पहिला प्रश्न 'का' हाच येणार. तीन महिन्यांत दुसरं काही झालं नाही तर इथं राहायचं परमिट गेलं. धाकटीची शाळा आत्ता कुठे रुळलीय हो."

मी म्हटलं, "नाही वाचत. शब्द."

मध्ययुगातला तो गिरणीवाला, सर, पीठ मारताना पकडला गेला तरी गिरणीवालाच राहतो. कवी त्याला टोचतो, पण घोड्यावरून उतरवत नाही. आमच्या बसमध्ये धंदा गेला की माणसानं देशच सोडायचा. हा फरक मी लेकीला सांगितला नव्हता. तोपर्यंत मला तो दिसलाच नव्हता.

परतीला मी माइक घेतला. टेस्टर झाले, स्क्रम मास्टर झाले, डिलिव्हरी हेडची मी इतकी स्तुती केली की त्यांच्या बायकोला हसून ठसका लागला. लेक पहिल्या सीटवर भराभरा काहीतरी टिपून घेत होती. शेवटचा श्लोक झाला आणि मी म्हटलं, "इति संपूर्णम्." पण माझ्या एक लक्षात आलं नव्हतं. या बसचा हिशेब पक्का असतो.

"अहो, आर्किटेक्टचं राहिलं की!"

"सेटिंग झालेलं दिसतंय!"

"वशिला, वशिला!"

मी म्हटलं, यंदा वेळ झाला नाही, त्याच्यावर काही सुचलं नाही. बसला हे मुळीच पटलं नाही, कारण त्याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक दुसरं नाही. तेवढ्यात डिलिव्हरी हेड सीटवरून मागे वळले. "काय हो आर्किटेक्ट, तुम्हाला यंदा माफी? सगळं ठीक आहे ना?" सहज विचारलं त्यांनी. पण ते सहज विचारणं बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलं, आणि दोनतीन माना त्याच्याकडे वळल्या त्या वळलेल्याच राहिल्या.

तो उठून उभा राहिला. वरचा दांडा धरून, हसत. "दादा, हे बरोबर नाही हं. दर वर्षी माझी सालं काढता, आणि यंदाच दया? माझं कुठंय?" हसू ओठांवर होतं. डोळे माझ्याकडे लावून तो जे मागत होता ते मला स्वच्छ कळत होतं. वाचा, नाहीतर मी गेलो. आणि खिडकीशी त्याची बायको, मांडीवर झोपलेल्या धाकटीच्या केसांवर हात ठेवून, अगदी बारीक मान हलवतेय. नको. तिला दिलेला शब्द तासाभराचाही जुना नव्हता.

"बाबा, डोन्ट," लेक पुटपुटली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिनं नुसती माझी मुद्रा वाचली होती.

मी वाचलं.

देवा बैस जरा थांब, कॉल माझा सुरू असे ।
नैवेद्य गार झालाच, म्यूटवरी बसे हरी ॥

बस फुटली. "आर्किटेक्ट! आर्किटेक्ट!" त्यानं खिशातून ते बोंडुक काढलं, कानात घातलं आणि आभाळाकडे बघत ओरडला, "देवा, यू आर ऑन म्यूट!" लोक सीटवर आडवे झाले. डिलिव्हरी हेड डोळे पुसत म्हणाले, "सोमवारी या हो, पण ते घरी ठेवून या." तो खाली बसला. मला तिथून त्याचा फक्त कान दिसत होता. ते पांढरं त्यानं काढलंच नव्हतं, आणि ओठ हलत होते.

हूफडॉर्पला ते उतरले. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. ती धाकटीला खांद्यावर घेऊन मागून उतरली. "येते, भावोजी," एवढंच म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आज रविवार आहे. मुलाखत उद्या. श्लोकानं ती वाचवली की सोमवारी तोच श्लोक त्याच्या पुढ्यात येऊन बसणार, मला माहीत नाही. सकाळी लेकीनं निबंधासाठी विचारलं, "तू का वाचलंस? त्यानं मागितलं म्हणून?" मी हो म्हटलं. तिनं ते लिहून घेतलं. त्याच्या बायकोला मी दोनदा फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तिलाही कदाचित हेच सांगेन, की त्यानंच मागितलं, न वाचतो तर सगळं उघडं पडलं असतं. ते खोटं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुमच्यापाशी उरलेलं सांगतो. तो उभा राहून मागत होता आणि ती मान हलवत होती, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात ना त्याची नोकरी आली, ना तिला दिलेला शब्द. चौथा चरण फार छान बसला होता, सर. तो वाया जाऊ नये असं वाटलं.