परदेशी नर्सची ओटी

आई, काल मुखेडच्या बाजूला गेले होते. तुझ्या जुन्या दवाखान्यापर्यंत नाही, त्याच्या अलीकडेच फाट्यावरून आत एक गाव आहे, तिथे. तू पायी, बैलगाडीत, कुणाच्या सायकलच्या कॅरियरवर बसून जिथे जिथे बाळंतपणं करायला गेलीस त्यांतलं तेही एक असेल, पण विचारायची सवड झाली नाही. आज दुपारी हात रिकामा आहे म्हणून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून तुला लिहिते आहे. कालची एक गोष्ट आहे, आणि इथे ज्यांना सांगावी त्यांना सांगता येत नाही.

मी आता उदगीरकडच्या मिशनच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. दरवर्षी परदेशातल्या एका चर्चची टीम इथे येते, फाटलेल्या ओठांची लेकरं शिवून देते, आणि तेवढे दिवस मी टेबल सोडून दुभाषी होते. तू मारूनमुटकून इंग्रजी शिकायला लावलंस त्याचं हे पीक. त्यांचे सर्जन परवा परत जाणार आहेत. यादीतलं शेवटचं लेकरू त्या गावातलं होतं, नऊ महिन्यांची मुलगी. ओठ थेट नाकपुडीपर्यंत फाटलेला, अंगावर पिता येईना म्हणून वाटी-चमच्यानं वाढवलेली. तिची आई जेमतेम विशीची. ग्रहणात विळी धरली म्हणून लेकराला असं झालं, हे तिच्या सासूनं मला पहिल्या भेटीत, पाण्याचा तांब्या हातात द्यायच्याही आधी सांगितलं होतं. सून तेव्हा चुलीपाशी बसून होती. तिनं मान वर केली नाही. कितीतरी खेपा घातल्या तेव्हा घरचे हो म्हणाले, आणि काल त्या मायलेकींना घेऊन यायला आम्ही जीप नेली. मी, टीमचे प्रमुख, आणि त्यांची एक तरुण नर्स. पोरगी लाघवी आहे. आल्यापासून 'कशी आहेस' एवढंच शिकली आहे आणि म्हाताऱ्यांनाही तेच विचारते.

आम्ही पोचलो तर अंगणात सडा घातलेला, पाट मांडलेला. सासू नवं लुगडं नेसून सुपात नारळ, तांदूळ, खण आणि हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभी. लेकरू द्यायच्या आधी नर्सची ओटी भरायची होती. मी काही समजावून सांगायच्या आत म्हातारीनं तिला पाटावर बसवलं आणि कुंकवाचं बोट कपाळाकडे नेलं. नर्स दचकून मागे सरली. पूजेचं काही घ्यायचं नाही, कपाळाला काही लावून घ्यायचं नाही, असं या लोकांना निघण्याआधी तिकडे पढवून पाठवतात. तिनं दोन्ही हात पाठीमागे धरले आणि मान हलवली. तिचा धक्का लागून सूप कलंडलं, तांदूळ सांडले, नारळ घरंगळत जीपच्या चाकाशी गेला.

मग मुलीचा मोठा चुलता पुढे आला. तो आवाज चढवणारा माणूस नाही. नारळ उचलून हातात घेतला आणि मला म्हणाला, "बाई, आमचा नारळ चालना त्यान्ला. आन लेकरू बरं चालतंय?"

मी म्हटलं, "भाऊ, तिला कळलं नाही. त्यांच्याकडे ही पद्धत नसते."

"पद्धत नसंना का. हातात घेतलं असतं तरी झालं असतं. आता काय लेकरू देत न्हाई आमी. हाय तसं ऱ्हाईल."

तोवर भिंतीकडेला पोरं जमली होती. दोघातिघांनी मोबाईल वर धरले. मागून कुणीतरी म्हणालं, बाटवायला न्हेऊन राहिले. प्रमुखांना शब्द कळले नाहीत, पण मोबाईल कळले. मागच्या वर्षी दुसऱ्या एका देशात त्यांच्या टीमला रात्रभर चौकीत बसवलं होतं. ते हळूच मला म्हणाले, गाडीत बसा, आपण निघू, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी कोण येतं आणि कोण नाही! तोवर ही पोरगी बोलायला लागणार, आणि तिच्या बोलण्याला गाव हसणार. मला त्यांचाही राग आला, नर्सचाही आला, आणि ज्यांनी कोयरीतल्या कुंकवाची एवढी भीती घालून तिला धाडलं त्यांचा तर फारच आला.

मला तेव्हा आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवत होतं. फळीवर ओळीनं मांडलेले नारळ, ज्यांच्या ज्यांच्या घरी तू बाळंतपण केलंस त्यांनी ओटीत घातलेले. तू पदर पसरायचीस आणि कुंकू पुढे आलं की म्हणायचीस, नारळाला लाव गं. चर्चचे पाळकसाहेब एकदा चहाला आले आणि फळीकडे बघत राहिले. पुढे कितीतरी महिने त्यांनी तुला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस दिला नाही. तू मागच्या बाकावर बसायचीस आणि सगळ्या मंडळीच्या वरताण आवाजात गायचीस. मला शाळेत पोरी चिडवायच्या, म्हणून मी तुला म्हटलं होतं, घेत जाऊ नकोस ना ते. तू खोबरं किसत होतीस. "चटणी गोड लागती न्हवं? मग पाळकाची वकिली करू नको," म्हणालीस आणि किसणीवरचा हात थांबवलाही नाहीस.

मग दादा गेले, तुझं मंगळसूत्र उतरलं, आणि नारळ आपोआप बंद झाले. बायका दारापर्यंत सूप आणायच्या, तुझा मोकळा गळा बघायच्या आणि नुसतीच ज्वारी ठेवून जायच्या. पाळकसाहेबांना वाटलं तू सुधारलीस. तुला पुन्हा प्रभुभोजन मिळायला लागलं. तू कुणालाच खरं कारण सांगितलं नाहीस. त्या पहिल्या रविवारी तू द्राक्षरसाचा पेला ओठांना लावलास तेव्हा तुझा चेहरा कसा होता, ते मला अजून दिसतं.

अंगणात चुलता पाठमोरा झाला तशी मी चपला काढल्या आणि म्हातारीपुढे पदर पसरून उभी राहिले. म्हटलं, "मावशी, माझी भरा. मीही यांच्यातलीच आहे." प्रमुख गाडीच्या दारातून बघत होते. म्हातारीनं सूप सावरलं, सांडलेल्यातले तांदूळ पुन्हा गोळा केले, निवडून घेतले. मग तिची नजर माझ्या गळ्याकडे गेली. गळ्यात साधी साखळी होती, काळे मणी नव्हते.

"मालक हायत न्हवं?" तिनं विचारलं.

तुझ्या जावयाला तू पाहिलं होतंस. फार हळू जेवतो म्हणून तुला तो पसंत नव्हता. आई, तो गेला. तुझ्या मागून, मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात, एका साध्या रविवारी, उपासनेहून आल्यावर. हे तुला आज पहिल्यांदाच सांगते आहे. म्हातारी वाट बघत होती, मोबाईल तसेच वर होते, आणि एका शब्दात लेकरू गाडीत येणार होतं.

मी म्हटलं, "नाहीत, मावशी."

तिनं सूप खाली घेतलं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण तिचा इलाज नव्हता. चुलत्यानं हात झटकले. आता संपलं असं मला वाटलं आणि पसरलेला पदर आवरायचंही सुचेना. तेवढ्यात सून उठली. लेकरू काखेत तसंच घेऊन ती आली, सासूच्या हातातलं सूप तिनं एका हातानं ओढून घेतलं. सासू म्हणाली, "अगं, त्यान्ला चालत न्हाई."

"आत्याबाई, लेकरू माझं हाय," ती म्हणाली. इतक्या खेपांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तिनं माझ्या पदरात नारळ टाकला, तांदूळ टाकले, खण ठेवला. कुंकवाचं बोट घेऊन अडखळली, तेव्हा मी म्हटलं, नारळाला लाव. तिनं लावलं, आणि कुणाला न विचारता जीपमध्ये जाऊन बसली. चुलता नुसता बघत राहिला. मग त्यानंच तिच्या कपड्यांचं बोचकं आणून आत ठेवलं.

आज सकाळी ऑपरेशन झालं. नीट झालं. तीच परदेशी नर्स रात्रीपासून लेकराजवळून हललेली नाही, आणि लेकराची आई दर थोड्या वेळानं मला विचारते, रडली तर टाके उसवतील का. व्हिडिओ फिरतो आहे. एका गटात मी लोकांना बाटवते आहे, दुसऱ्या गटात मीच बाटले आहे. रविवारी आमचे पाळक बोलावतील, तेव्हा बघू. अंगणात काय बोलणं झालं ते मी प्रमुखांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, एवढ्या गर्दीत तू खोटं बोलली नाहीस, तुझ्या विश्वासाचं कौतुक वाटतं. मी मान डोलावली.

पण तुला सांगते. म्हातारीनं विचारलं तेव्हा 'आहेत' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. त्या लेकरासाठी नाही, आई. लेकरू मी त्या क्षणी विसरलेच होते. मला फक्त एकदा तसं म्हणून बघायचं होतं.