कॅमेरा सुरू केलाय

परेश,
मी शाळेत शिकवायला निघालेय. तुझ्या लॅपटॉपवर जुनं विंडोज टाकल्यापासून वाय-फाय बंद होतं, त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून टाकला. ते सुरू झालं. कॅमेरा मात्र ड्रायव्हर टाकूनही दिसेना, म्हणून विंडोज सुरू व्हायच्या आधीचं सेटिंग, बायोस, उघडलं. कॅमेरा तिथेच बंद करून ठेवलेला. विंडोज बदललं म्हणून तो तिथे आपोआप बंद होत नाही रे, कुणाला तरी आत जाऊन करावा लागतो. आणि फोनचा कॅमेराही नेमका तेव्हाच फुटला?

आता सुरू केलाय, बायोसला पासवर्डही घातलाय. डब्यात सुकट-भाकरी आहे. नोकरीच्या गावी, तलासरीच्या खोलीवर पोचलास की व्हिडिओ कॉल कर. तोंड नंतर दाखव, आधी दारातल्या चपला दाखव.

मुक्ता