बापूची सूज

११ नोव्हेंबर, सोमवार

घरी आलो. डावं गेलं. उजवं आहे. लिहून टाकलं एकदाचं!

शुक्रवारी ऑपरेशन, आज सकाळी सुट्टी. दवाखान्यापासून घरापर्यंत सात गतिरोधक आहेत हे मले आजच कळलं. ऑटोवाल्याले म्हटलं, "धीरे भाई, धीरे." तो म्हणे, "क्या हुआ साब?" मी म्हटलं, "हर्निया." इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलेच नवल वाटलं. कचेरीत हर्निया, शेजारी हर्निया, गावाकडं हर्निया. चीरही जांघेतच असते म्हणून खोटं जुळून येतं. खरं फक्त हर्षालीले ठाऊक. बायको आहे, तिच्यापासून काय लपणार! "लोकाईले कायले सांगा," ती म्हणे, "उद्या कोनी खच्ची म्हनन." बैलाचा शब्द. पण तिनं म्हणायच्या आधीच माझ्या डोक्यात येऊन बसला होता.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरानं विचारलं, घरात कोणाले अशी गाठ झाली होती का? वडील, भाऊ? मी म्हटलं, नाही. एका दमात!

तहसील कचेरीत चौदा वर्षं वारसाच्या फायली पाहतो मी. कोण कोणाचा, कोण कशानं गेला, मागं कोण राह्यलं. दुसऱ्यांनी खोटं सांगतलं तर लगेच पकडतो.

भाऊ होता. देवाजी नाव, पण सारं गाव बापूच म्हणे. सोळा वर्षं झाली जाऊन.

१२ नोव्हेंबर

खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. शिंक आली की देवाचं नाव घ्यायचं. संडासचं तर बोलूच नये — दोन दिवसांपासून इसबगोल पिऊन राह्यलो, काही उपयोग नाही. हर्षाली दर तासाले विचारते, "झाली का?" जसा काही निकालच लागायचा आहे!

खालून जड वाटतं. सूज आली असावी. पाहायची हिंमत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पाह्यलं. भरताचं वांगं! आकारानं तेवढं अन् रंगही तोच. काळंनिळं पार मांडीपर्यंत उतरलेलं. हर्षालीनं पाह्यलं अन् लगेच ऑटो बोलावला.

डॉक्टर भडकला. म्हणे, आत रक्त साचलं. सोमवारीच सूज होती की, सांगतलं काऊन नाही? कागदावर तर "सूज नाही" लिहिलं आहे! मंग सिस्टरले बोलावलं. ती माझ्याकडं पाहून हसू दाबायले लागली.

झालं असं. सोमवारी पहाटे ती आली तेव्हा मी सुईच्या गुंगीत होतो. तिनं विचारलं, "वापु उन्नदा?" वापु म्हणजे तेलुगूत सूज. मले ऐकू आलं — बापू. बापू आहे का?

मी म्हटलं, "लेडु."

लेडु म्हणजे तो नाही. माणसासाठी म्हणतात. वस्तू नसली तर लेदु. एवढं तर आदिलाबादच्या शेंबड्या पोरालेही कळतं, मी तर रोज कचेरीत तेलुगू झाडतो! सिस्टरले वाटलं, मराठी माणूस आहे, चुकला असेल. तिनं लिहून टाकलं, सूज नाही. मले घरी पाठवलं.

आज म्हणे, "वापु मनिषा, सार?" सूज काय माणूस आहे का, सर? डॉक्टरही हसला. मीही हसलो, टाके दुखेपर्यंत हसलो. ऑटोत बसल्यावर डोळ्यांतून पाणी निघालं ते थांबेना. हर्षाली म्हणे, "लई दुखून राह्यलं का हो?" मी म्हटलं, हो.

आता घट्ट सपोर्टर, खाली टॉवेलची गुंडाळी, फडक्यात बर्फ पंधरा पंधरा मिनिटं. काही उचलायचं नाही. आपोआप जिरेल म्हणतात.

१५ नोव्हेंबर

कपाटाच्या आरशात पाह्यलं. पाय फाकवून, एक हात भिंतीले, मान पुढं. मी नव्हतो तो. बापू चालून राह्यला होता.

ओवी म्हणे, "पप्पा, बदक!" सात वर्षांची आहे, तिचा काय दोष. तरी ओरडलो तिच्यावर. मंग जेवली नाही ती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

गावाहून डोमाजी काका आले. शेताचे शेजारी, माणूस सोन्यासारखा, तोंड मात्र फाटकं. वहिनीनं, बापूच्या बायकोनं, त्यांच्याजवळ ज्वारीचं पीठ पाठवलं. दारातूनच सुरू — "काय रे रव्या, कापसाचं गाठोडं एकट्यानं उचललं का काय? हर्निया कायले होते रे बाबू, कचेरीत कागदं उचलून?"

मी उठून चार पावलं चाललो. काका माझ्या पायांकडं पाहत राह्यले. चहा अर्धा राह्यला हातात.

"देवाजी असाच चाले रे शेवटी," म्हणे. "बापाले वाटे, टीबीनं कमरेत वारं भरलं."

काका गेल्यावर व्हरांड्यात कोणीतरी खोकललं. भर दुपारी! हर्षालीले म्हटलं, पाह्य बरं कोण आहे. ती जाऊन आली. कोणी नव्हतं.

भूत नाही, समजतं मले. ग्लानीत आहे, औषधं चालू आहेत. पण तो खोकला मी ओळखतो. दोन ठसके, थोडं थांबून तिसरा.

१८ नोव्हेंबर

टाके काढले. सूज थोडी उतरली. आता वांगं नाही, लिंबू म्हणा. हर्षालीले म्हटलं तर ती फसकन हसली, मंग पदर तोंडाले लावला. बऱ्याच दिवसांनी हसली.

बापूचं लिहून टाकतो. नाहीतर तो हटत नाही, दुपारी बर्फ लावून पडलो की कॉटच्या पायथ्याशी येऊन बसतो.

आमी शेतातल्या हौदावर आंघोळ करत होतो. मी बावीसचा, तो एकतीसचा. तो म्हणे, "रव्या, इकडं ये. हे पाह्य." आता मले झालं तिथंच हाताले कडक लागलं. सुपारीसारखं. "दुखत नाही," म्हणे, "पन वाढून राह्यलं." मंग शपथ घातली की कोणाले सांगायचं नाही. मी सांगतलं नाही. चार महिन्यांनी खोकला लागला, पाठ धरली. टीबीच्या गोळ्या चालू झाल्या. पावसाळा संपायच्या आत गेला.

१९ नोव्हेंबर

काल खोटं लिहिलं. इथंही! या वहीत कोण पाहणार होतं?

शपथ त्यानं घातलीच नाही. सोळा वर्षं मी मलेच सांगत आलो की घातली. तो एवढंच म्हणे, "काय असन रे? तू शिकलेला आहे, सांग." अन् मी हसलो. म्हटलं, "काही नाही. लंगोट घट्ट बांधत जा." अंगावर पाणीही उडवलं त्याच्या.

अन् आणखी एक. त्याले दाखवायले नेलं तेव्हा मी सोबत होतो. बाबा खुर्चीवर, वहिनी दाराशी उभी, चार वर्षांचा ईशान तिच्या बोटाले. डॉक्टरानं विचारलं, "आनखी काही तक्रार? अंगावर कुठं गाठ, सूज?" बापूनं माझ्याकडं पाह्यलं. बाबांसमोर कसं बोलणार तो! त्याले वाटलं, मी बोलीन.

मी फरशीकडं पाहत होतो. लाल फरशी होती.

वहिनीले टीबीच माहीत आहे. गावालेही तेच. लोक तिच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत सुरुवातीले. तेही मी पाहत राह्यलो.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रिपोर्ट आला. कॅन्सरच! पण लवकर सापडला, दुसरीकडं कुठं नाही. दर तीन महिन्यांनी रक्त अन् स्कॅन. डॉक्टर म्हणे, "तुम लकी है." हर्षाली तिथंच बाकावर बसून रडली. मीही सुटल्यासारखा झालो, खरं सांगतो. जगणार आहे मी!

उठताना डॉक्टर पुन्हा म्हणे, सख्खा भाऊ असला तर तपासून घ्या. रक्ताच्या नात्यात येऊ शकते. या वेळेस खरं सांगतलं. भाऊ होता, त्याले गाठ होती, गेला. डॉक्टरानं कागदावर लिहून घेतलं. मंग विचारलं, "त्याला मुलगा?"

आहे. ईशान. वीस वर्षांचा. बासरले हॉस्टेलात राहून शिकतो.

"त्याला माहीत आहे?"

२२ नोव्हेंबर

आज फोन केला नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

केला. ईशान मेसमध्ये होता. म्हटलं, जेवण कसं आहे? चांगलं आहे, काका. थंडी? आहे, काका. परीक्षा? डिसेंबरात. तुमची तब्येत? बरी आहे. हर्निया काय, किरकोळ!

किरकोळ. हाच शब्द निघाला तोंडातून.

फोन ठेवला. काय सांगू पोराले? तुझ्या बापाले टीबी नव्हता? मले ठाऊक होतं अन् मी हसलो? तो विचारेल, काका, तुमी काऊन नाही बोलले? त्याचे डोळे बापूचेच आहेत, तसेच रोखून पाहतो. पण नाही सांगतलं अन् तोही असाच एक दिवस कोण्या दोस्ताले म्हणाला, हे पाह्य रे — तर?

हर्षालीले आज सगळं सांगतलं, हौदापासून. ती पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूले ठेवलं. रागावेल वाटलं होतं. म्हणे, "तुमी बावीसचे होते. पन आता अडतीसचे आहात." पोळी तव्यावर करपली. पुढं म्हणे, "पोराले फोनवर नोका सांगू. आधी त्याच्या मायले सांगा. त्या बाईचा हक्क आहे तो."

बरोबर आहे. पण वहिनीसमोर! पोराले सांगणं परवडलं.

२५ नोव्हेंबर

वहिनीले फोन केला. म्हटलं, जरा बोलायचं होतं, येता का? तिनं कशासाठी ते विचारलं नाही. कापूस वेचणं चालू आहे, शुक्रवारी येते म्हणे.

२७ नोव्हेंबर

काय बोलायचं ते कचेरीतल्या मसुद्यासारखं लिहून काढलं. चार वेळा. चारही फाडले. "नम्र विनंती" लिहिलं होतं एकात! हद्द आहे माझी.

सूज जवळपास गेली. हात लावला की आतून दोरीसारखं कडक लागतं, तेही जाईल म्हणतात. आज दुपारी पायथ्याशी कोणी बसलं नाही. उलट मीच वाट पाहत राह्यलो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

वहिनी आली. हर्षाली ओवीले आणायले शाळेत गेली, तेव्हा सांगतलं. हौद, सुपारी, माझं हसणं, डॉक्टर, लाल फरशी. माझं काय कापलं तेही. शेवटी हात जोडले अन् म्हटलं, ईशानले तपासा, उद्याच्या उद्या.

ती तुरीच्या शेंगा सोलत होती. सोलतच राह्यली.

"मी बायको होती त्याची, भाऊजी. मले ठाऊक नसन का? मामंजीपुढं माह्यं तोंड उघडलं नाही. तुमी बोलसान म्हनून तुमच्याकडंच पाहून राह्यली होती मी."

अन् ईशान?

"चांगला आहे. पंधरावं लागलं तवापासून दरसाल नेऊन दाखवते नांदेडले. तिथल्या डॉक्टरानंच सांगतलं होतं, भावाले होऊ शकते, पोराले होऊ शकते."

भावाले. पाच वर्षांपासून ठाऊक होतं तिले. पाच दिवाळ्या आमी एका पंगतीत जेवलो. तिनंच वाढलं मले.

"वहिनी, मंग मले काऊन नाही सांगतलं?"

पहिल्यांदाच तिचे हात थांबले. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणे —

"तुमी काऊन नाही सांगतलं?"