वॉर्मअप झाल्याशिवाय नाही

१ जुलै, सकाळ
आजपासून ट्रेडमिल. प्रणितने बदलापूरहून टेम्पोत घालून पाठवली. मुलगा म्हणून त्याचं कर्तव्य होतं. डॉक्टर म्हणालेत, चाला. मार्चमध्ये मुरबाडची कंपनी बंद झाल्यापासून मी घराबाहेर पडलेलो नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. मशीन आतल्या खोलीत लावली. व्हिडिओतला माणूस सांगतो, वॉर्मअप न करता पट्ट्यावर पाय ठेवायचा नाही. शास्त्र आहे. मान फिरवली. आजच्याला पुरे.

३ जुलै
मान, खांदे. घोट्यांपर्यंत पोचेपर्यंत दम लागला. म्हणजे बॉडी गरम झाली. गरम बॉडीला एकदम पळवू नये, म्हणून जरा आडवा झालो. उठलो तेव्हा सगळं थंड. पुन्हा मानेपासून करावं लागलं असतं. उद्या.

६ जुलै
आवणी सुरू. बायको, रंजना, शेजारच्या नथूच्या शेतावर भात लावायला गेली. इथे आवणीला मजूर लावत नाहीत. आज आपण त्यांच्याकडे, उद्या ते आपल्याकडे. रंजना म्हणाली, तुमी पन चला, आपन नाय गेलो तर आपल्याकडं कोन येल? मी समजावलं, थंड अंगाने वाकलं की कंबर जाते. आधी ट्रेडमिल, मग चिखल. ती म्हणाली, बरं. पटलं तिला.

निर्धार: आपल्या शेताच्या दिवशी सगळ्यांच्या पुढे मी. चार माणसांचं काम एकटा उचलणार. मग गाव बघेल.

९ जुलै
बुटांशिवाय ट्रेडमिल म्हणजे गुडघ्यांची वाट. प्रणितला फोन केला. तो म्हणाला, बाबा, बूट खोक्यातच आहेत. घातले. पांढरे आहेत, छान आहेत. घालून खुर्चीत बसून राहिलो. काही वाटत नव्हतं. भूकसुद्धा नाही.

१२ जुलै
आज नेमकी तयारी होती आणि लाइट गेली.
रंजना वरच्या आळीतल्या लहानीच्या शेतावर होती. संध्याकाळी स्वतःच स्वतःचे पाय चेपत बसली. म्हटलं, आल्यावर स्ट्रेचिंग करत जा. ती उठून चुलीकडे गेली. हल्ली फारसं बोलत नाही, थकत असेल. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१५ जुलै
नथू ओटीवर येऊन विचारत होता, सुनिल हाय का गावात, का परत कामाला लागला कुठं? रंजना म्हणाली, घरातच हाय. मी आत गुडघे गोल फिरवत होतो. बाहेर जाणार होतो, पण वॉर्मअप मध्येच तोडला की बाद.

१८ जुलै
उद्या आपलं शेत. सगळे येणार आहेत. रंजना सगळ्यांकडे जाऊन आली आहे ना. मी लवकर झोपतो. खेळाडू असंच करतात.

१९ जुलै
केलं. मानेपासून घोट्यांपर्यंत, काही न सोडता. मध्ये दोनदा बसलो, तेवढं चालतं. मग पट्टा चालू करून खरंच चाललो. अंग मोकळं झालं. पँट दुमडून शेतावर निघालो, तर सगळे परतच येत होते. आवणी आटोपली होती. मला कुणी हाक मारली नव्हती.

ओटीवर जेवायला बसलो. कोंबडा, भाकरी, भात. नथूची सून भाविका वाढत होती. मे महिन्यात लग्न होऊन आलेली, तेव्हापासून रंजनाच्या जोडीने प्रत्येक शेतात उतरलेली. सगळ्यांचे पाय चिखलाने भरलेले. ती रस्सा घेऊन आधी माझ्यापाशी आली. कुणी हसलं नाही. मस्करी असती तर बरं झालं असतं. तिने अगदी अदबीने रंजनाला विचारलं, काकी, पावन्यांना अजून वाढू का?

लाज वाटली. मार्चनंतर काही वाटलं ते हे पहिलंच. रंजनाकडे बघितलं, मी कोण ते ती सांगेल म्हणून.

रंजना म्हणाली, वाढ.