बेकरीवाल्याच्या पोटातली वीजबिलं

३ मार्च

वही, काल तुला काय सांगितलं होतं, आठवतं का? नाहीच आठवणार. सून तुला मिटते आणि तू सगळं विसरून मोकळी — थेट माझ्या मुलावर गेलीस. करखात्याची नोटीस येऊन महिना झाला, ती त्याला आज सापडली. कुठे? शिवणाच्या मशीनच्या खणात, तेलाच्या बाटलीखाली. तीही अर्धीच. पहिलं पान गायब, दुसरं तेलकट.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. तिच्याबद्दल वाकडं बोलले की नेमकी पेनातली शाई संपते.

दुसऱ्या पानावर आहे ते असं — दुकानाचा तीन वर्षांचा जो खर्च दाखवलात, त्याच्या पावत्या घेऊन पंधरा तारखेला या. नाहीतर वजावट रद्द. म्हणजे दोऱ्यावर, विजेवर घातलेले पैसेही कमाईच धरणार आणि त्यावर कर लावणार! मुलाने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, काजाची मशीन विकावी लागेल.

ती मशीन मी चालवते. या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक शर्टाची काजं माझी. ती गेली की मी खुर्चीत बसून भिंत बघायची.

४ मार्च

मुलाने सगळं घर उपसलं. पावती एकही नाही. मला विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

६ मार्च

आज करसल्लागार आला. नखं स्वच्छ, आवाज बारीक. सगळं समजावून सांगितलं. धंद्यासाठी जे खर्च होतं ते कमाईतून वजा करता येतं — दोरा, बटणं, दुकानाचं भाडं, मशीनची दुरुस्ती. मुलाचे डोळे चमकले. त्याने स्वतःची यादी काढली. त्यात नवे बूट! मेव्हण्याच्या लग्नाचा प्रवास! म्हणे कापड बघायला गेलो होतो.

"आणलं का कापड?"

"बघितलं ना."

सल्लागाराने ती ओळ खोडली. बूटही खोडले. मग कोट आला — गिऱ्हाइकांना नमुना म्हणून अंगात घालतो, असं पोराचं म्हणणं. मला हसू आवरेना, तोंडात दोरा धरून बसले. सून आत जाऊन हसली. हे ती आत्ता लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं.

नोटिशीचं पहिलं पान कुठे, असं सल्लागाराने विचारलं. त्यात काय असायचं, म्हणाला मुलगा, माझं नाव नि पत्ता! मी सुई ओवत होते. ओवतच राहिले.

७ मार्च

आता तुला सांगते, वही. पावत्या कुठेही गेलेल्या नाहीत. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या आहेत.

आमच्याकडे प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाच्या मापाचं कागदी कटिंग असतं. पाठ, बाही, कॉलर, सगळं कागदात कापून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी माप घ्यायला नको. त्याला कागद जाड लागतो. कोरा कागद विकत घ्यावा लागतो आणि लिहिलेला घरात लोळत असतो. मी चार-चार कागद खळीने एकावर एक चिकटवते. त्यावर काय लिहिलंय ते मला काय ठाऊक? कागद तो कागद.

जेवताना मी मुलाला म्हटलं, बेकरीवाल्याचं कटिंग जरा काढून बघ. त्याने पुढचा भाग उजेडात धरला आणि घास तसाच राहिला हातात. दुकानाची दोन वर्षांची वीजबिलं बेकरीवाल्याच्या पोटात! माणूस फुगत गेला, मी बिलं जोडत गेले.

"आई, तू हे आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, तू घर उपसत होतास. मध्ये कशाला बोलू?

१० मार्च

तीन दिवस पातेल्याच्या वाफेवर कागद सोडवतोय. दंतवैद्याच्या बाहीत दोऱ्याची बिलं निघाली. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खांद्यात मशीनची दुरुस्ती. सल्लागारही बाह्या सरसावून बसला. म्हणतो, इतका बारीक तपास उभ्या जन्मात केला नाही. काही पावत्या कात्रीखाली गेल्या, अर्धी एका कॉलरीत नि अर्धी दुसरीत. त्या मी जुळवल्या. वाचता येत नसलं म्हणून काय झालं? माझी कात्री कुठे वळली ते मला ओळखू येतं.

बेकरीवाल्याचं पोट मात्र सुटेना. खळ घट्ट बसलीय. तसंच नेऊ.

१५ मार्च

सगळे गेलो. अधिकारीण बाई होती, वयाने सुनेएवढी. तिने बेकरीवाल्याचं पोट टेबलावर पसरलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, भिंगही आणवलं. मग म्हणाली, मान्य. बूट नव्हतेच यादीत, म्हणून तेही निभावलं. मशीन वाचली!

मुलगा सहीला पुढे झाला.

"तुम्ही नाही," बाई म्हणाली. "दुकान यांच्या नावावर आहे. अंगठा आजींचा लागेल."

हे गेले तेव्हा दुकान नावावर करून घ्यायला कचेरीत मीच गेले होते. हा बाहेर सायकल सांभाळत उभा होता. तेव्हापासून 'मालकासाठी' असं छापलेल्या जागी सही करतोय आणि समजतोय की मालक आपणच.

१६ मार्च

नोटिशीचं पहिलं पान सुनेने मला नोटीस आल्या दिवशीच वाचून दाखवलं होतं. वर माझं नाव होतं. ऐकून घेतलं आणि सुनेच्या ब्लाउजच्या बाहीचं कटिंग कापलं त्यातून. पोरगा मला काही विचारतो का, ते बघायचं होतं.

सल्लागार म्हणतो, यापुढे मुलाला आणि सुनेला रीतसर पगार दिला तर तोही खर्चात धरता येतो. दिला. सून आजपासून हिशेब बघणार, स्वयंपाक नाही. तेव्हा पोरा, एक वाजता दोघींचं जेवण वर मशीनपाशी पाठव — अंडी उकडलेली, पाव ताजा, माझ्या पावाच्या कडा काढून, आणि सुनेला लोणी हात सैल सोडून.