हर्नियाचं सोंग

पद्मा,

तुझ्या माहेरच्यांबरोबरच्या जेवणाला मी पुढे म्हापशाच्या हॉटेलात जातोय. तू डिचोलीहून साडेअकराची बस धर. निघताना गॅस बघ.

गेल्या रविवारी तुझ्या सगुणदादाने माझ्या ताटात बटर चिकन आणि दोन नान वाढले, वर म्हणाला, "भावोजी, हर्नियाच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, अजून किती नखरे?" तुझ्याकडे बघून मी चार घास जास्त खाल्ले आणि नंतर अर्धा तास हॉटेलच्या बेसिनशी उभा होतो. दादाला वाटलं, त्याने दिलेलं जेवण मला आवडलं नाही.

वजनासाठी ऑपरेशनने पोट लहान करून घेतलं हे माहेरी सांगायची तुला लाज वाटते, म्हणून हर्निया सांगितलास. पण हे पोट पाव वाटीचं आहे, त्यात तुझ्या माहेरचा मान मावत नाही.

आज मी तंदुरी विसवण माशाचा एक तुकडा आणि थोडी डाळ मागवीन, पाणी अर्ध्या तासाने. त्याआधी दादाला खरं सांगीन. तू समोर असलीस तर मला धीर होणार नाही.

पोचशील तेव्हा मला कोणी आग्रह करत नसेल, तर सांगून झालंय समज. सगळेच गप्प असतील, तर माझ्या शेजारी येऊन बस.

दामोदर